सकाऊनच्या सात वाजता लिव्हरपूल

“भाऊजी, माहा जावई सकाऊनच्या सात वाजता बारमध्ये जाते.”

एवढं बोलून वयनींनी रस्त्याकडे एक नजर टाकली. राजापेठेत कंपाउंडच्या भिंतीवरून सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत दस्तूरनगरात पोचते, हे त्यांना पक्कं माहीत आहे. पण सहा महिने न्यू जर्सीत लेकीकडे राहून परवाच बेलोऱ्याच्या विमानतळावर उतरलेली बाई. तिनं किती दिवस पोटात ठेवायचं?

“रोज जातात?”

“रोज नाई वो. शनवारी. कधी रयवारी. मी देवाचं करून राह्यली, आन् हा लाल शर्ट घालून हळूच दार ओढून चालला. मले वाटलं जिमले जात असन. पोरीले इचारलं तर ते हासते. म्हणते, आई, बारमध्ये गेला तो, दहाले येईन. भाऊजी, दोन रात्री झोप नाई मले. मी ह्यायले तेव्हाच म्हटलं होतं, अकोल्याचं स्थळ आहे, नीट चौकशी करा.”

अकोल्याच्या माणसाबद्दल अमरावतीकरानं असं बोलायचंच असतं. तिकडे आपल्याबद्दल काय बोलतात ते इथं छापण्यासारखं नाही.

“शर्टावर छातीशी एखादा पक्षी होता का?” मी विचारलं.

“हाव! बदक होतं.”

“बदक नाही वयनी, लिव्हर बर्ड. पाणकावळा समजा. जावई दारूच्या नादी नाही लागले, लिव्हरपूलच्या नादी लागले.”

वयनींचा चेहरा पाहता त्यांना हे दुसरं व्यसन जास्त महागाचं वाटलं असावं. मग मी घड्याळ समजावून सांगितलं. इंग्लंडमध्ये प्रीमिअर लीगचा शनिवारचा पहिला सामना दुपारी साडेबाराला सुरू होतो. हिवाळ्यात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे साडेसात आणि आपल्याकडे संध्याकाळचे सहा. इंग्रज तो जेवणाच्या वेळी पाहतो, अकोल्याचा जावई दात घासून पाहतो आणि आपल्या गल्लीतला पोरगा चहा पिता पिता. कॅलिफोर्नियातल्या माणसाला पहाटे साडेचारला उठावं लागतं, आणि तो उठतो! अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमध्ये लिव्हरपूलवाल्यांची, आर्सेनलवाल्यांची आपापली मंडळं आहेत. मंडळाचा बार ठरलेला असतो, आणि मालक त्यांच्यासाठी भल्या पहाटे शटर वर करतो.

“ते मले काय सांगता, मी जाऊन आली ना!”

“तुम्ही? बारमध्ये?”

“हळू बोला. पोरगी म्हणे चाल, एकडाव पाहून घे म्हणजे तुह्या जिवाले बरं वाटन. गेलो आमी. बाहेर थंडी अशी का नाक राहते का जाते, आन् आतमधी ही गर्दी! बाया बी, लेकरं बी. सारे लाल शर्टात. एकमेकाच्या गळ्यात हात टाकून गाणं म्हणून राह्यले. मले तर काकड आरतीच वाटली भाऊजी. फक्त हातात टाळ नाई, बिअरचा गिलास.”

“जावयांच्या हातात?”

“कॉफी,” वयनी तुटकपणे म्हणाल्या. जरा थांबून, “पयले कॉफी.”

मी पुढचं विचारलं नाही. शेजारधर्मालाही काही मर्यादा असते.

“पण मले एक समजलं नाई. त्यातले निम्मे गोरे. इंग्लंडचे नाई, तिथलेच, त्याच गावचे. त्यायची ना मावशी लिव्हरपूलले, ना आत्या. मंग हे काऊन रडतात तिकडचा गोल हुकला का?”

हा प्रश्न वयनींनी सहज टाकला, पण अमेरिकेतल्या भल्या भल्या टीव्हीवाल्यांना त्याचं उत्तर सापडायला चाळीस वर्षं लागली. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघानं पेलेला आणलं. दोन-तीन वर्षं मैदानं भरली, पेले गेला, आणि १९८४ च्या हंगामानंतर कॉसमॉसची ती लीगच बंद पडली. १९९४ ची विश्वचषक स्पर्धा अमेरिकेत झाली. सामन्यामागे सरासरी जवळजवळ ६९ हजार माणूस, एवढी सरासरी कोणत्याही विश्वचषकाला पुन्हा कधी जमली नाही. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःची नवी लीग काढली. तरी घरात बसून टीव्हीवर फुटबॉल पाहणारा अमेरिकन तेव्हा विरळाच. खेळायचे मात्र सगळे. म्हणजे लेकरं खेळायची आणि बाप बेसबॉल पाहायचा.

“माही नात खेळते ना,” वयनी म्हणाल्या. “आठ वर्साची. शनवारी दुपारी तिची मॅच. साऱ्या माया खुर्च्या घेऊन मैदानावर. आन् हाफटायमाले काय देतात माहीत आहे का? संत्र्याच्या फोडी.”

“संत्र्याच्या?”

“खोटं नाई सांगत. डबा भरून फोडी, चोखून टाकायच्या आन् पुन्हा पळायचं. मी एक तोंडात टाकून पाह्यली. दिसाले झाक, पण वासच नाई वो त्या संत्र्याले! आपल्या इकडचं संत्र सोललं का तिसऱ्या घरी समजते.”

वयनींचं माहेर वरूडकडचं. वरूड-मोर्शीला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या, तेव्हा खऱ्या कॅलिफोर्नियाचा निकाल विमानात बसण्याआधीच लागलेला होता. पण फोडींची गोष्ट खरी आहे. तिथल्या मुलांच्या सॉकरची ती जुनी चाल आहे. तसं खेळून मोठी झालेली पोरं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यात मुली फार. १९७२ मध्ये तिथं टायटल नाइन नावाची कायद्याची तरतूद झाली. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलगा-मुलगी भेद करता येईना, आणि मुलींचे संघ भराभर उभे राहिले. महिलांचा पहिलावहिला विश्वचषक १९९१ मध्ये अमेरिकेनंच जिंकला. मग १९९९, २०१५ आणि २०१९. त्यांच्या पुरुषांना तो एकदाही मिळालेला नाही. वयनींना हा तपशील एवढा आवडला की त्यांनी तो पुन्हा सांगायला लावला.

“मंग बाप्ये कायले पाहतात?”

“चांगलं पाहायला मिळतं म्हणून. तुमच्या जावयाच्या शेजारचा तो बेसबॉलवाला गोरा, तोही येतो ना बारमध्ये?”

“हाव. तुमाले कसं माहीत?”

मला माहीत नव्हतं, पण असा एक शेजारी असणारच. तिकडचा त्यांचा तो अंगावर चिलखत घालून खेळायचा फुटबॉल तीन तास चालतो. वॉल स्ट्रीट जर्नलनं २०१० मध्ये घड्याळ लावून मोजलं, तर चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम ११ मिनिटं. बाकी उभं राहणं, कुजबुजणं आणि जाहिराती. इकडे पंचेचाळीस मिनिटं सलग, मध्ये साबण नाही की टायर नाही. याच कारणानं तिथल्या वाहिन्यांना हा खेळ कित्येक वर्षं नकोसा होता, कारण जाहिरात घालायची कुठे? आणि आता याच कारणानं लोकांना तो हवासा झालाय. सकाळी साडेसातला बसायचं, साडेनऊला उठायचं, आख्खा शनिवार शिल्लक. बायकोला तक्रारीला जागा नाही.

“सासूले आहे,” वयनी म्हणाल्या.

एनबीसी नावाच्या वाहिनीनं २०१३ च्या हंगामापासून प्रीमिअर लीगचे सगळे म्हणजे ३८० सामने दाखवायला घेतले. तिची पहिली जाहिरात भारी होती. एक अमेरिकन प्रशिक्षक लंडनला जातो आणि त्याला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. ती जाहिरात इतकी चालली की सात वर्षांनी तिची ‘टेड लासो’ नावाची मालिका झाली. वयनींच्या लेकीनं ती दोनदा पाहिली आहे. २०२१ मध्ये त्याच वाहिनीनं पुढच्या सहा हंगामांसाठी सुमारे २७० कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं. जाहिरातीला जागा नसलेल्या खेळासाठी! आणि ज्यांनी टीव्ही लावला नाही त्यांना व्हिडिओ गेमनं धरलं. बर्नली कुठं आहे हे नकाशावर दाखवता न येणारं अमेरिकन पोरगं बर्नलीच्या राखीव गोलकीपरचं नाव सांगतं ते त्यातूनच.

पण माझं म्हणणं असं, की हे सगळं वरवरचं आहे. खरी गोडी भीतीची आहे.

“भीती कायची?”

“खाली पडण्याची. वीस संघ. वर्षाच्या शेवटी खालचे तीन हाकलले, खालच्या लीगमध्ये. मोठं नाव असो, जुनं असो, चॅम्पियन असो.”

लेस्टरची गोष्ट मी वयनींना तपशिलात सांगितली, कारण गोष्ट सांगायची तर अशी. २०१५-१६ च्या हंगामाआधी लेस्टर सिटी जिंकेल यावर सट्टेवाले एकास पाच हजार देत होते. कोणी एक पौंड लावला असता तरी पाच हजार मिळाले असते, आणि मूठभर लोकांनी लावलेही होते. लेस्टर जिंकलं. सगळ्या गावानं रस्त्यावर रात्र काढली. २०२३ मध्ये तेच लेस्टर खालच्या तिघांत येऊन हाकललं गेलं. वर्षभरात परत वर आलं आणि २०२५ मध्ये पुन्हा पडलं.

“अरे माय!” वयनींचा हात गालावर गेला. एका क्षणात त्या लेस्टरच्या झाल्या होत्या.

“आणि तिकडे अमेरिकेत? शेवटचा आलेला संघ घसरत नाही. उलट पुढच्या वर्षीच्या नव्या खेळाडूंमधून निवडताना त्याचा मान पुढे असतो. हरा आणि बक्षीस घ्या.”

“मंग कोण जीव लावून खेळन?”

“आपल्या आयपीएलमध्ये तरी कोण खाली पडतं?”

इथं वयनी जरा गप्प झाल्या, कारण आयपीएलला नाव ठेवायचं म्हणजे अमरावतीच्या जितेश शर्माला बोलल्यासारखं होतं. तो बंगळूरच्या संघात, २०२५ मध्ये चषक उचललेला. गावचं पोरगं असलं की नियम बाजूला राहतात, आणि राहावेत.

आता यातली मालकांची भानगड. ती सांगितल्याशिवाय मला राहवणार नव्हतं. ज्या अमेरिकन प्रेक्षकाला ही भीती आवडली, त्याच्याच देशातल्या शेठजींनी ते क्लब विकत घेतले. मँचेस्टर युनायटेड २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबानं घेतलं, तेही कर्ज काढून, आणि कर्ज टाकलं क्लबच्याच डोक्यावर. लिव्हरपूल २०१० पासून बॉस्टनच्या बेसबॉलवाल्यांकडे. आर्सेनल क्रोंकेंकडे, २०१८ पासून पूर्णच. चेल्सी २०२२ मध्ये.

“हे क्रोंके कोण म्हणाले?”

“अमेरिकेत त्यांचे बरेच संघ आहेत. बायको वॉलमार्टच्या वॉल्टन घराण्यातली.”

“अस्सं!” वयनींनी मान डोलावली. सामन्यांपेक्षा हे नातं त्यांना लवकर उमगलं. “म्हणजे सासरच्या पैशावर.”

तसं नाही, ते स्वतःही जमीन-इमारतींतले मोठे आसामी आहेत, हे मी सांगितलं. पण गोष्ट एकदा भिंत ओलांडून गेली की दुरुस्ती मागून पोचत नाही.

तर या शेठ लोकांनी आणि स्पेन-इटलीतल्या बड्यांनी मिळून १८ एप्रिल २०२१ ला, रविवारी रात्री जाहीर केलं की आम्ही सुपर लीग काढतो. बारा क्लब, सहा इंग्लंडचे. संस्थापकांना कायमची जागा, घसरण नाही, भीती नाही. पैसा अमेरिकेतल्या बँकेचा. मंगळवारी संध्याकाळी चेल्सीच्या मैदानाबाहेर लोकांनी बस अडवली, आणि त्या रात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लब मागे फिरले. लिव्हरपूलच्या मालकानं कॅमेऱ्यासमोर बसून माफी मागितली. एवढा पैसेवाला माणूस, आणि दोन दिवसांत कान धरले. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात समाधानाचा वाटतो तो हा मंगळवार.

“जावई तेव्हा कोणाच्या बाजूनं होता?” वयनींनी विचारलं. हे तुम्हीच फोनवर विचारा, असं मी सांगितलं. उत्तर ‘लोकांच्या’ असंच येणार. जावई शर्ट मालकाच्या दुकानातून घेतो आणि बाजू लोकांची घेतो. तेवढं चालायचंच.

उलटंही एक घडलंय. वेल्समधलं रेक्सम, कोळसा खाणीवाल्यांचं गाव. क्लब १८६४ चा, पण पाचव्या पायरीवर खितपत पडलेला. २०२१ मध्ये रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकलहेनी या दोन नटांनी तो घेतला आणि त्यावर मालिकाही काढली. २०२३, २०२४, २०२५, ओळीनं तीन वर्षं क्लब एकेक पायरी चढला. आता प्रीमिअर लीगच्या खालच्याच पायरीवर आहे. वेल्सचं नावही न ऐकलेले अमेरिकन लोक आता त्या गावातल्या एका पबमध्ये फोटो काढायला जातात. पडायची भीती आहे म्हणूनच चढायची मजा आहे, हे त्या दोन नटांनी बाकीच्या शेठजींपेक्षा लवकर ओळखलं.

एवढ्यात वरच्या खोलीतला भाडेकरू पोरगा तोंडात ब्रश घेऊन गॅलरीत आला. दर्यापूरकडचा, इंजिनिअरिंगला. सकाळचे अकरा वाजले होते.

“हा पहा,” मी म्हटलं. “तुमचा जावई सातला उठतो तर तुम्ही घाबरल्या. हा तर रात्री झोपतच नाही. चॅम्पियन्स लीग आपल्याकडे हिवाळ्यात रात्री दीडला लागते.”

“काका, आर्सेनल होतं काल,” तो फेसाळ तोंडानं म्हणाला, जणू आर्सेनल म्हणजे त्याची परीक्षा.

“कारे, तू कधी मैदानावर जाऊन फुटबॉलची मॅच पाह्यली का?” वयनींनी थेट विचारलं.

“मैदानावर? इथं कुठी होते?”

त्याचंही खरं आहे आणि माझंही. मी जन्मभर शाळेत खेळ शिकवला. या पोरांना आर्सेनलचा राखीव गोलकीपर माहीत, आणि मुंबई सिटीनं इंडियन सुपर लीग दोनदा जिंकली हे माहीत नाही. नागपूरला विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन स्लम सॉकर उभं केलं, ते यांना कळलं अमिताभ बच्चन ‘झुंड’ सिनेमात दिसला तेव्हा. २०२५ च्या डिसेंबरात मेस्सी वानखेडेवर आला, सचिननं त्याला आपली दहा नंबरची जर्सी दिली. मेस्सी सामना खेळला नाही, पण स्टेडियम भरलं. हे आणि न्यू जर्सीतले ते गोरे, यांत मला काही फरक दिसत नाही. घरचं सोडून लांबच्या गावाचं सुखदुःख लावून घ्यायचं. त्यात आपल्याला काही करावं लागत नाही, हा मोठा फायदा.

कोल्हापूर मात्र वेगळं. तिथं विश्वचषक आला की गल्ल्या ब्राझील-अर्जेंटिनात वाटल्या जातात खऱ्या, पण ते चार वर्षांतून एकदा. एरवी पाटाकडील तालीम आणि दिलबहार, खंडोबा आणि शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतला माणूस युरोपात कोण जिंकलं ते दुसऱ्या दिवशी विचारतो. त्यांच्या प्रत्येक पेठेला तालमीचा संघ आहे. आमच्या राजापेठेला पेठ आहे, फक्त संघ नाही.

“आपल्याइथं हनुमान आखाडा आहे ना,” वयनींनी टोकलं.

आहे की. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. त्यांचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकला गेलं आणि तिथं कबड्डी, मल्लखांब दाखवून आलं. अमरावतीची माणसं, बोटीनं. युरोपच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या फुटबॉलकडे परत गेले. खेळ नुसता चांगला असून भागत नाही. तो रोज, ठरल्या वेळी, घरात यावा लागतो. नाही म्हणायला आता क्रिकेट अमेरिकेत चाललंय. आपला मुंबईचा सौरभ नेत्रावळकर, ओरॅकल कंपनीत इंजिनिअर. जून २०२४ मध्ये डॅलसजवळ सुपर ओव्हर टाकून त्यानं पाकिस्तानला हरवलं आणि पुढच्या आठवड्यात न्यूयॉर्कला विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर काढलं. वयनींना हे पाठ होतं. तो मराठी आहे म्हणून आनंद आणि विराट गेला म्हणून दुःख, अशी त्या दिवशी त्यांच्या घरात फार ओढाताण झाली होती.

“येत्या जुलैत वर्ल्डकपाची फायनल माह्या पोरीच्या घरापासून जवळच आहे म्हणे,” त्या म्हणाल्या. “जावई तिकीट पाहून राह्यला होता.”

“१९ जुलै. मेटलाइफ स्टेडियम, न्यू जर्सी. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. मिळालं का तिकीट?”

“हजारो डॉलर सांगून राह्यले वो एका माणसाचे! मी म्हटलं, बापू, त्यापेक्षा बारमध्ये जा.”

वरून पोरगा ब्रश काढून हसला. वयनींनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो आत गेला. मग त्या भिंतीला आणखी जरा टेकल्या आणि आवाज खाली आणला.

“ते जाऊ द्या फुटबॉल-गिटबॉल. भाऊजी, कोपऱ्यावरच्या त्या घरचं लगन मोडलं म्हणे दिवाळीत? मी नव्हती तर कोणी सांगतलंच नाई मले. पोराकडून मोडलं का पोरीकडून?”